मेंढरांमागची स्पोर्ट्स कार

हसू नका, सांगतो. परदेशातून आलेली ती सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेण्याआधी मी तीन महिने तिच्या इंजिनाचा अभ्यास केला. प्राध्यापकी सवय, दुसरं काय! गाडीचं पोट जमिनीला किती टेकलंय, तेवढं बघायचं राहिलं. येडगावच्या पहिल्याच गतिरोधकावर ती अडकली. बायकोनं तर बजावलं होतं, "पहिल्या फजितीला विकायची."

मागून मेंढपाळ भिवा कळप घेऊन आला.

"सर, किती पळती ही?"

"ताशी अडीचशे."

"लईच की! मग थांबा, आदी मेंढरं फुडं काढतो."

मेंढरं गेल्यावर त्यानं चौघांना बोलावून गाडी ढकलून दिली. अरुंद रस्ता, घरापर्यंत मी कळपामागेच.

बायकोनं दारातच विचारलं, "कशी पळते?"

म्हटलं, "झकास! मेंढरांच्या जरा मागे."