ल्याओताई झोपल्या, ट्रक थांबले

...नाही, पण मला एक सांगा, माणसानं डेटाबेसवर लक्ष ठेवायचं की लोकांच्या झोपेवर? तुम्हाला सांगतो, आमचा ताइनानचा मूनकेकचा कारखाना, ज्या चंद्राच्या सणाला हे केक खातात त्याचा आदला दिवस, दारात ट्रक भरून उभे, आत्ता निघाले नाहीत तर तैपेईत पोचणार सण झाल्यावर, आणि सण झाल्यावर मूनकेक कोण खातं हो? कुत्रं तोंड लावत नाही! आणि इकडे गेटपासच निघेना! पडद्यावर नुसतं चक्र गरगर... बघतो तर सगळे एका सेशनच्या, म्हणजे कुणा एकाच्या चालू जोडणीच्या, मागे रांगेत! कुणीतरी साठ्याची नोंद उघडून सेव्ह न करताच सोडलीय, आणि ती सुटेपर्यंत बाकीच्यांना हात लावायची बंदी! आणि कुलूप कुणाकडे? झोपलेल्या बाईकडे!

हो, स्टोअरच्या ल्याओताई! डबा संपवला, उशी टेबलावर, डोकं उशीवर. दुपारी दिवे घालवून अख्खं ऑफिस झोपतं आमचं, आणि झोपलेल्याला उठवायचं ते फक्त घरी मयत झालं तर! मी आपलं दबकत, 'ताई... ओ ताई...' तर शेजारचाच उठला, 'श्श्! लाज नाही वाटत?' खालून ड्रायव्हर आ-हायचा फोन, 'पास देतोस, का मीच खाऊ सगळे केक?'

पण मीही हट्टाला पेटलो! सेशन तोडलं. सुटलं! ...आणि परत अडकलं! का? ताईंचं कोपर! एंटरवर! प्रोग्रॅम आपोआप जोडला जातोय, कोपर नोंद उघडतंय! तोडलं, परत कोपर. तोडलं, परत कोपर! जागी माणसं एवढं काम करत नाहीत हो! आणि कुलूप कुणाकडे? झोपलेल्या बाईकडे!

शेवटी रांगत गेलो... अंधारात, टेबलांखालून, कुणाची तरी चप्पल तोंडावर आली, पण ताईंच्या पायाशी पोचलो आणि नेटची वायरच उपटली! तसाच उलटा रांगत आलो, सेशन तोडलं, आणि काय सांगू... पास धडाधड! ट्रक निघाले! डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या.

दिवे लागले. ल्याओताई जांभई देत, 'काय रे, माझं नेट का गेलंय? लक्ष कुठं असतं तुमचं?'

मी तडक फांगसाहेबांकडे. म्हटलं, 'साहेब, आता नियमच करतो. थोडा वेळ कुणी हात लावला नाही, की सेशन आपोआप तुटणार!' साहेब खूश. 'उत्तम! आजच लाव!' मी दारापर्यंत पोचतोय, तोच मागून हळूच, 'फक्त दुपारचं तेवढं बंद ठेव हं... माणसं झोपलेली असतात!'

ठेवलंय बंद. आता मीही एक उशी आणलीय.