नाव नसलेली बेल

जबाब देणार : श्यामकांत वासुदेव नगरकर, वय ६९ वर्षे, धंदा : निवृत्त क्रीडाशिक्षक, मूळ राहणार सातारा, हल्ली मुक्काम मुलगा क्षितिज याचे घरी, झिंडेलफिंगेन, जर्मनी. मराठी मजकूर दुभाषी उल्का रानडे यांनी माझ्या तोंडून उतरवून घेतला.

मी आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन, कोणी बोलावलेले नसताना, आपल्या मर्जीने जबाब देतो की, मी दर उन्हाळ्यात इथे मुलाकडे येतो. घरात मुलगा, सून नीलिमा आणि नात अन्वी, वय नऊ, असे आहेत. स्वतःवर दोष येईल असे काही सांगण्याची सक्ती माझ्यावर नाही, हे साहेबांनी सुरुवातीलाच समजावले. ते मला समजले. मी नेमके तेच सांगायला आलो आहे.

मयत लेनी क्राउडर यांना मी ओळखत होतो. ते मूळचे अमेरिकेचे. तरुणपणी बेसबॉल खेळायला इकडे आले, इथल्या क्लबकडून बरीच वर्षे चेंडू टाकला, आणि खेळ सुटल्यावर इथेच राहून मुलांना शिकवू लागले. अन्वी त्यांच्याकडे शिकत होती. मी जन्मभर शाळेत क्रिकेट शिकवले. बेसबॉल म्हणजे विटीदांडूचा श्रीमंत भाऊ, असे मी पहिल्याच उन्हाळ्यात म्हणालो आणि अन्वीने ते लेनीला जाऊन सांगितले. तो पोट धरून हसला आणि त्याने माझ्या हातात चेंडू दिला. मी त्याला लेगब्रेकची पकड दाखवली, त्याने मला चेंडू हवेत वळवण्याची. पुढे एकेरी उल्लेख येत आहे, तो तसाच राहू द्यावा. अन्वीचे ऐकून तोही मला आजोबा म्हणत असे.

त्याचे घर आमच्या इमारतीच्या मागच्या गल्लीत आहे. मी तिथे कॉफी प्यायला जात असे. खाली दाराशी सगळ्या बेलवर नावे आहेत, लेनीच्या बेलवर मात्र नुसती कोरी पट्टी. मला तो आळशीपणा वाटला. माझे अक्षर चांगले आहे, नाव मी लिहून देतो, असे मी म्हणालो होतो. तो म्हणाला, "नको आजोबा, तुम्हाला माहीत आहे ना, मग झालं." वर छोट्या पडद्यावर खालचा चेहरा पाहून तो बटण दाबत असे. असे का, हे मी विचारले नाही.

ते मला नीलिमाने सांगितले. गेल्या हिवाळ्यात, मी साताऱ्याला असताना, एका बापाने मैदानावर स्वतःच्या मुलाला बॅटने मारले. लेनी मध्ये पडला आणि त्याने युगेंडआम्टला, म्हणजे मुलांची काळजी घेणाऱ्या सरकारी कचेरीला कळवले. मुलाला बापापासून दूर ठेवले गेले. तेव्हापासून तो बाप लेनीच्या मागावर होता. नीलिमा म्हणाली, "बाबा, लेनीचं घर कोणालाही सांगायचं नाही हं. क्लबनं सगळ्यांना बजावलंय." मी बरं म्हणालो. मनात म्हणालो की, आधीच या देशात शेजारी शेजाऱ्याला विचारत नाही, त्यात ही आणखी भर. शिवाय नोकरीत मी इतके पालक पाहिले होते की, असला माणूस तोंडावरूनच ओळखू येईल अशी माझी खात्री होती.

घटनेच्या शनिवारी दुपारी मी घरासमोरच्या बाकावर बसलो होतो. एक गृहस्थ आले. नीटनेटके कपडे, एका हातात बेसबॉलचा चेंडू, दुसऱ्या हातात केकचा डबा. इंग्रजीत म्हणाले की, मी हॅनोव्हरहून आलो आहे, लेनीचा जुना चाहता आहे, चेंडूवर सही हवी आहे, पण घर सापडत नाही. लेनीच्या शेवटच्या सामन्याचे त्यांनी असे वर्णन केले की माझ्या डोळ्यांत पाणी आले. ते मला सर म्हणाले. निवृत्तीनंतर हा शब्द कानावर कमीच पडतो.

साहेबांनी विचारले की, घर नुसते लांबून का नाही दाखवले. आमच्याकडे पत्ता विचारणाऱ्याला दारापर्यंत नेऊन सोडतात. इतक्या लांबून आलेल्या माणसाला हातवारे करून वाटेला लावायचे आणि आपण बाकावर बसून राहायचे, हे मला जमले नसते. आणि खरे सांगायचे तर मलाही उठायला निमित्त मिळाले. इथे दिवसभर माझ्यावाचून कोणाचे काहीच अडत नाही. नीलिमाचे बोलणे मला वाटेत आठवले. मी एकदा त्या केकच्या डब्याकडे पाहिले आणि चालत राहिलो.

कोरी पट्टी असलेली बेल मी दाबली. लेनीचा आवाज आला. मी म्हणालो, "लेनी, पाहुणा आणलाय." दाराचे कुलूप सुटल्याचा आवाज झाला. गृहस्थांचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून दार मी धरून ठेवले. ते मला "थँक यू, सर" म्हणून आत गेले. मी वर गेलो नाही. खेळाडू आणि चाहता यांच्यात आपली लुडबुड कशाला, असे वाटले. तसाच तुर्की दुकानात कोथिंबीर आणायला गेलो, कारण नीलिमा पोहे करणार होती. जाताना मी शीळ घालत होतो, हेही लिहून घ्यावे.

परत आलो तेव्हा गल्लीत पोलिसांच्या गाड्या होत्या. लेनीला त्याच्याच दारात चाकूने भोसकले होते. तो जिन्यातच गेला. डब्यात केक नव्हता, हे क्षितिजने वर्तमानपत्र वाचून सांगितले तेव्हा मला कळले. तो इसम, म्हणजे मुलाला मारणारा तोच बाप, त्याच दिवशी शेजारच्या बोब्लिंगेनच्या स्टेशनवर पकडला गेला. घर कसे सापडले, हे तो सांगत नाही, असे ऐकले.

दुसऱ्या दिवशी पोलीस घरोघर विचारत आले. दार क्षितिजने उघडले. मी आतल्या खोलीत होतो. क्षितिजने विचारले, "बाबा, तुम्ही तेव्हा बाहेर होतात ना? काही दिसलं का?" मी म्हणालो, "मी कोथिंबीर आणायला गेलो होतो." ते खरे होते, आणि तेवढ्यावर मी स्वतःची समजूत घातली. क्षितिजच्या नागरिकत्वाचा अर्ज गेलेला आहे, उगाच बालंट नको, असेही मनाशी म्हणालो. खरे कारण ते नव्हते. अन्वीला तोंड कसे दाखवू, ही भीती होती. मी भित्रेपणा केला.

काल मैदानावर लेनीसाठी सगळे जमले. लेनी ज्या उंचवट्यावरून चेंडू टाकत असे, त्याच्याभोवती लोकांनी आपल्या टोप्या काढून ठेवल्या. त्याला खेळताना पाहिलेली मोठमोठी माणसे पोरांसारखी रडत होती. क्लबच्या लोकांनी मला पुढे बोलावले. लेनीचे आजोबा, सगळ्यांत म्हातारे चाहते, अशी माझी ओळख करून दिली. त्याचा चेंडू उंचवट्यावर ठेवण्याचा मान मला दिला. मी तो ठेवला. नंतर एकेकाने येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरे, असे वाटत होते. तरी मी तोंड उघडले नाही.

मैदानाच्या कडेला फ्राऊ गाइगर यांची कॉफीची टपरी आहे. या बाई क्लबचे कागदपत्रही सांभाळतात. टपरी बंद होती आणि तिच्या फळीवर कोणीतरी लाल रंग फासला होता. अन्वीने शेजारच्या माणसाला जर्मनमध्ये काही विचारले. त्याने उत्तर दिले ते मला कळले नाही.

मी विचारले, "काय म्हणतोय तो?"

अन्वी म्हणाली, "आजोबा, तिनंच त्या माणसाला लेनीचं घर सांगितलं. तिच्याकडे सगळ्यांचे पत्ते असतात ना, म्हणून. सगळ्यांना माहितीये."

मी म्हणालो, "असं कोणी पाहिलंय का?"

ती म्हणाली, "मी तिच्याशी कधीच बोलणार नाही. कधीच म्हणजे कधीच." हे सांगताना तिने माझा हात घट्ट धरला होता.

आज सकाळी मी फिरायला जातो असे सांगून निघालो. मुलगा, सून यांना यातले काहीही ठाऊक नाही. ठाण्याचा रस्ता मी एका बाईंना विचारला. त्यांनी बोटाने दिशा दाखवली आणि आपल्या वाटेने गेल्या. त्यांनी बरोबर केले.

माझे म्हणणे असे की, फ्राऊ गाइगर यांनी कोणालाही पत्ता दिलेला नाही. त्या माणसाला मी दारात नेऊन पोहोचवले. हे क्लबला आजच कळवावे आणि कळवताना माझे नाव झाकू नये. फक्त अन्वी शाळेतून येईपर्यंत थांबावे. तिला मी स्वतः सांगणार आहे. त्यानंतर तिने माझ्याशीही कधीच बोलायचे नाही असे ठरवले, तर माझी तक्रार नाही.

वरील मजकूर उल्काताईंनी मला मराठीत वाचून दाखवला. दाराचे कुलूप सुटले, एवढेच त्यात होते, कारण मी तेवढेच बोललो होतो. मी थांबवून आणखी लिहून घ्यायला सांगितले. त्या म्हणाल्या, "काका, एवढं पुरे आहे." मी म्हणालो, पुरे नाही. तो इसम भिंतीला लागून, बाजूला उभा होता. वरच्या पडद्यावर लेनीला माझा एकट्याचा चेहरा दिसला आणि तो पाहून त्याने दार उघडले. हे आता घातले आहे. जबाब बरोबर आहे.

सही : श्या. वा. नगरकर