बत्तीस पाइपांची आंघोळ

…आणि वर मला म्हणतात, "विचारायचंस तरी!" आता सांगा, भांडं घासायला कुणी कुणाला विचारतं का? तुम्हाला सांगते, हेतू चांगला होता हो माझा!

आमच्या ह्यांच्याकडे तंबाखूचे पाइप बत्तीस! काचेच्या कपाटात, मखमलीवर, ओळीनं. ओढत मात्र एकही नाहीत. तीन वर्षांपूर्वी खोकून खोकून लालबुंद व्हायचे, तेव्हा मी देवाला बोलले, ह्यांचं ओढणं सुटू दे, मी चहातली साखर सोडते. सुटलं! ह्यांनी मला तसा शब्दच दिला. पण कपाटाची किल्ली खिशात. सख्ख्या भावालासुद्धा काचेबाहेरूनच दर्शन. आणि एक दिवस एकदम म्हणतात कसे, "रविवारी पाइपवाल्यांच्या क्लबातले सहाजण येतायत. हाताळू देत सगळ्यांना. एकट्यानं किती दिवस बघायचं?" इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! निवृत्त झाल्यापासून ह्या माणसाकडे कुणी फिरकलं नव्हतं हो... दाढी दोनदा केली, खुर्च्या तीनदा मांडल्या, आणि बिस्किटं आणायला गेले ते किल्ली टेबलावर विसरून.

मी सहज एक पाइप उचलला, नाकाशी नेला... अगंबाई! आत हा काळा थर! हे पाहुण्यांच्या हातात द्यायचं? चढवलं मोठं पातेलं, उकळलं पाणी, टाकला साबण, सोडले बत्तीसच्या बत्तीस, आणि मग तारेची घासणी घेऊन बसले. हेतू चांगला होता हो! बाकदार नळ्या होत्या ना, त्या गरम पाण्यात चक्क सरळ झाल्या. म्हटलं बरंच झालं, ओळीत नीट बसतील!

पाहुणे आले. त्यातले निवृत्त न्यायाधीश, त्यांनी पहिला उचलला, आत डोकावले, आणि चष्मा काढून पुन्हा डोकावले. "वहिनी, यात होतं ते कुठं गेलं?"

"घाण ना? काढली की!"

"घाण? चाळीस वर्षांचा थर तो! सगळी चव त्यातच असते!"

दंतवैद्य होते, ते मटकन बसलेच. "आणि ह्या नळ्या?"

"उकळल्यावर सरळ झाल्या."

"बत्तीसच्या बत्तीस?"

हे पांढरेफटक. मला वाटलं आता कपाट नाहीतर मी, दोघांपैकी एक घराबाहेर! तर खालमानेनं म्हणाले, "चकाकतायत मात्र छान..." मेल्याहून मेल्यासारखं झालं हो मला!

न्यायाधीशांनी निकाल दिला, "उपाय आहे. प्रत्येक पाइप तीस-चाळीस वेळा ओढला, की थर पुन्हा धरेल." सगळे ह्यांच्याकडे बघतायत, हे माझ्याकडे! बत्तीस पाइप, चाळीस वेळा... देवा, खोकला परत येणार!

"मी नाही ओढणार," हे म्हणाले. "हिला शब्द दिलाय."

डोळे भरून आले माझे. तेवढ्यात दंतवैद्य उठले, "मग आम्ही कशाला आहोत? वाटून घेऊ!"

आता दर रविवारी सहाजण येतात. सहा खुर्च्या, सहा धुराडी, माझे पांढरे पडदे चहाच्या रंगाचे! आणि हे? बरोब्बर मधे बसतात. डोळे मिटलेले, नाकपुड्या फुललेल्या, छाती भरभरून श्वास...

"अहो!" मी दारातून ओरडते.

"मी कुठं ओढतोय? नुसता बसलोय!"

श्वास घेऊ नका, असं काही मी देवाला बोलले नव्हते.