माजी सभापतींची बाळंतीण

जनावरांच्या दवाखान्यात शिवगंगाबाईंनी शेळीचं तोंड दाबून धरलं, कारण रांगेत पुढे मोहनरावांचा गडी नागप्पा डॉक्टरांशी बोलत होता आणि त्यातलं काही चुकवायची त्यांची तयारी नव्हती.

“मालकाची गाय परवा व्याली. आता उठंना, वैरण खाईना. कास लई सुजलीय, हात लावू देईना.”

“व्यायच्या आधी काय घालत होता?”

“सरकी, गूळ, पेढे. माजी सभापतीची गाय हाय, बारीक दिसून कसं चालंल?”

“नको इतकी चरबी चढवलीत. आता ती खात नाही, म्हणून तीच चरबी वितळून लिव्हरवर बसतेय. आज सलाईन लावलं नाही तर गाय जाईल.”

“लावा की. पण चार वाजता गोमातेचा सत्कार हाय, डॉल्बी सांगितलाय. तवर उभी तरी करा.”

“डॉल्बी वाजणार असेल तर मी येत नाही.”

“बरं, डॉल्बी बंद करायला लावतो. पण कागदावर चरबी लिवू नगा, मालकाची बदनामी व्हईल.”

“मग काय लिहू?”

“नजर लागली म्हणून लिवा.”

“कुणाची?”

“तेवढी जागा मोकळी सोडा. निवडणुकीचे अर्ज भरून झाले की मालक नाव सांगत्याल.”