शर्यतीतली डबलसीट

(सेलू, १९७४. वालूर-सेलू सायकल शर्यत आत्ताच संपली आहे. दिनकरराव शाळेतले कवायतीचे सर आणि आजचे पंच. चंद्रभान घामाघूम. त्याच्या सायकलीच्या कॅरेजवर कमलबाई, अजून उतरलेल्या नाहीत.)

दिनकरराव : बाई, आधी खाली उतरा. शर्यत संपली.

कमलबाई : तुमची संपली. मला दवाखान्यात जायचंय. लेक बाळंत झाली सकाळी. पैली नात हाय.

दिनकरराव : अभिनंदन. चंद्रभान, ही शर्यत होती की वरात?

चंद्रभान : सर, बाई फाट्यावर हुभ्या. गाडी हुकलेली. हात केला त्यांनी. रिकामं कॅरेज घेऊन म्होरून कसं जावं?

दिनकरराव : ओळखीच्या आहेत?

कमलबाई : आता झाले की. याच्या आईचं माहेर आमच्याच गावचं निघालं.

दिनकरराव : म्हणजे शर्यतीत गप्पाही झाल्या!

कमलबाई : मीच बोलत व्हते. त्याला दम कुठं व्हता?

दिनकरराव : शेवटचा आला असतास तर प्रश्नच नव्हता. दुसरा आलास, हीच पंचाईत. पहिले दोघं औरंगाबादला निवडीला जाणार. तिसरा आलेला भुजंग तिकडं बोंबलतोय, डबलसीट बाद करा म्हणून.

कमलबाई : लाल बनियनवाला? त्याला म्या वाटंत म्हनले, बाबा, सरक बाजूला, घाई हाय. सरकला बिचारा. गुनी लेकरू.

चंद्रभान : सर, वरीसभर रोज मानवतपस्तोर सायकल हाणायलोय या निवडीसाठी. तुमीच त्या स्पेनच्या गड्याचं सांगितलं, तवापासून.

कमलबाई : कोन गडी?

दिनकरराव : होता एक सायकलपटू, मासिकात वाचला होता. पंधरा वर्षं मोठमोठ्या घाटांत शर्यती केल्या. आपल्या संघाच्या कप्तानाच्या पुढं राहून त्याच्यासाठी वारा अडवायचा. कप्तानाचं चाक फुटलं की आपलं काढून द्यायचा अन् स्वतः दगडावर बसायचा.

कमलबाई : आन् नंबर?

दिनकरराव : एकदाही पहिला आला नाही.

कमलबाई : बायकू काय म्हनत आसंल!

दिनकरराव : ते मासिकात छापलं नव्हतं. तो निवृत्त झाला तेव्हा पहिले आलेले सगळे त्याला स्टेशनवर पोचवायला गेले, एवढंच होतं. पण त्यानं कुणाला कॅरेजवर घेतलं नव्हतं!

चंद्रभान : त्याच्या सायकलीला कॅरेज नसंल, सर.

कमलबाई : डबलसीट चालत न्हाई, आसं नियमात हाय का?

दिनकरराव : नाही. असं कुणी करील, हे आमच्या स्वप्नातही आलं नव्हतं. चंद्रभान, फाट्यावर कितवा होतास?

चंद्रभान : शेवटचा.

दिनकरराव : आणि वजन चढल्यावर दुसरा?

चंद्रभान : एकटा व्हतो तवर नुसतं पायडल मारायलो व्हतो. बाई म्हनल्या, नातीचं तोंड बघायचंय. मंग घाई झाली.

दिनकरराव : हं. भुजंगची समजूत मी काढतो. ओझं घेऊन पुढं गेला त्याला बाद करायचं म्हणजे फारच झालं. औरंगाबादला तूच जाशील. एकट्यानं पळायचं मात्र! आता यांना दवाखान्यात सोड.

कमलबाई : चल रं बाबा. सर, बारशाला या.

चंद्रभान : सर… त्या औरंगाबादच्या रस्त्याला कोनाला घाई आसंल का?