घरचे डबे आणि परक्या शहरातलं गाणं

दातांच्या दवाखान्यात शिंपीणबाई नंबराची वाट बघत बसल्या होत्या. समोर दोघी जावा, आणि थोरलीचा नवरा सुजलेला गाल धरून शेजारी.

"मग जाऊबाई, दक्षिणेकडचं ते शहर कसं वाटलं?"

"कसलं शहर गं. रात्रभर गाणं आणि रस्त्यावर उभ्याने खाणं. लोकांना घरदार आहे की नाही, कोण जाणे."

"तुम्ही काय खाल्लंत?"

"मी डबे नेले होते ना घरून. खोलीत गरम करायचे. बाहेरचा घास तोंडात घातला नाही."

"आणि गाणं?"

"खिडकी लावून घेतली, कानात कापूस घातला."

"दादांना तरी आवडलं का?"

"त्यांचं काय विचारतेस. रोज संध्याकाळी पाय मोकळे करायला जायचे, आणि ताट वाढलं की म्हणायचे, भूक नाही. तिथलं पाणीच बाधलं त्यांना."

"अंगाने तर भरलेले दिसतायत."

"सूज आहे ती."

खुर्चीच्या हातावर नवऱ्याची बोटं वाजत होती.

"आणि तो हात थांबवा आधी. तिथून आल्यापासून हे एक नवीनच खूळ."

बोटं थांबली. शिंपीणबाईंची नजर खाली गेली. त्याच्या चपलेतला अंगठा ठेका चुकला नव्हता.