पाहणीची पंगत

बनारसच्या कचेरीत हाउस टॅक्सच्या रांगेत कंटाळलेल्या वासुदेवरावांच्या कानांवर मराठी पडलं आणि ते ताठ झाले. पुढे एक काकू आणि त्यांचा पुतण्या उभे होते. पुतण्याच्या हातात बेघरांच्या निवाऱ्याची फाईल.

“काकू, अनुदान नामंजूर झालं.”

“का रे? पाहणीला आलेले साहेब तर खूश होऊन गेले!”

“त्यांनी रिपोर्टात लिहिलंय, ‘मौके पर बेघर नहीं, बारात मिली.’”

“बारात कसली मेली! दारी आलेल्या माणसाला उपाशी धाडू?”

“पण रांगोळ्या? निवाऱ्यातल्या तिसांच्या तिसांना धुतलेली धोतरं, कपाळाला गंध?”

“पंगतीला बसायचं म्हणजे तसंच बसतात.”

“आता पैसे नाही आले, तर ऐन थंडीत ते तीस जण पुन्हा घाटावर झोपतील. गुरुवारी दुबारा पाहणी आहे. फक्त खिचडी करायची.”

“बरं बाबा, फक्त खिचडी.”

“गंगामाईची शपथ?”

“शपथ. वर तूप तरी वाढू ना?”

“वाढ.”

“मग कढी हवी. पापड तळते.”

“काकू!”

“आणि मिरचीचं लोणचं?” वासुदेवरावांच्या तोंडून निघून गेलं.

काकू गर्रकन वळल्या.

“अगंबाई, मराठी तुम्ही? मग गुरुवारी जेवायलाच या. सहकुटुंब!”